अनुभवाची शाळा आपल्याच गावात

(दहावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. तंत्रज्ञानाची आवड असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीतील मुलामुलींनी आपले कौशल्य आणि अनुभव कसा वाढवावा, हा भाषणाचा विषय होता.)



तंत्रज्ञानावर बोलण्यासाठी एका पत्रकाराला, तोही कला शाखेचा पदवीधर, का बोलावले असावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. यंत्र कसे चालते हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु नवे यंत्र दारात आले की माणसांचे काय होते, हे आमच्या व्यवसायाने जवळून पाहिले आहे. छापखान्यात खिळे जुळवणारी माणसे होती. संगणक आला तेव्हा त्यांच्यातील काहींनी त्याकडे पाठ फिरवली आणि काही त्याच्यासमोर जाऊन बसले. पहिल्यांचे काम गेले, दुसऱ्यांना नवे काम मिळाले. दोघांच्या बुद्धीत फारसा फरक नव्हता. फरक होता तो हात लावून पाहण्याच्या तयारीत. आज मला याच तयारीविषयी बोलायचे आहे.

जमीन आपली, कसब कोणाचे?

आपल्या भागाचा एक जुना इतिहास फारसा सांगितला जात नाही. १८८२ साली जमशेदजी टाटा यांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज असल्याचे त्यात म्हटले होते. जवळच वरोऱ्याला कोळसा होता. भारतात पोलादाचा कारखाना काढण्याचे जमशेदजींचे स्वप्न प्रथम आपल्या या भूमीकडे पाहून आकाराला येऊ लागले. मात्र वरोऱ्याचा कोळसा त्या कामासाठी योग्य ठरला नाही. पुढे शोध दुसरीकडे वळला, आणि १९०७ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला.

त्यानंतरच्या शतकात आपल्याकडे उद्योग आले नाहीत असे मुळीच नाही. बल्लारपूरचा कागद कारखाना आला, कोळशाच्या खाणी आल्या, गडचांदूर-घुग्गुसच्या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आले, भद्रावतीला आयुध निर्माणी आली. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. आता सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांमुळे गडचिरोलीचे नाव देशाच्या औद्योगिक नकाशावर आले आहे. या खाणकामातून जंगलाचे आणि ग्रामसभांच्या अधिकारांचे गंभीर प्रश्न निर्माण झाले आहेत. तो स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. मात्र आजच्या विषयापुरता प्रश्न असा की, या यंत्रांजवळ उभे राहणारे हात कोणाचे असतील? प्रवेशद्वारावर पहारा देणारा आमचा आणि नियंत्रण कक्षात बसणारा बाहेरचा, हीच वाटणी पुढेही चालू राहणार का? या प्रश्नाचे उत्तर मंत्रालय देईल तेव्हा देईल. समोर बसलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले ते आजपासूनच देऊ शकतात.

मणी आणि वाळूचे घड्याळ

“सर, आमच्याकडे काही सोय नाही. पुण्या-नागपूरला गेल्याशिवाय अनुभव कसा मिळणार?” हा प्रश्न मी अनेक मुलांकडून ऐकतो. त्यांना मी गडचिरोलीतल्याच एका उपकरणाची गोष्ट सांगतो.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम सुरू केले. त्या काळी या भागात न्यूमोनियाने लहान मुले मोठ्या संख्येने दगावत. न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी खूण असते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल, अथवा त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाचा पन्नास किंवा अधिक वेळा, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. डॉक्टर दूर होते. गावात होत्या त्या सुईणी. त्यांचा बाळांशी रोजचा संबंध होता, परंतु त्यांतील अनेकींना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते, आणि हातात घड्याळही नव्हते.

मग एक साधन तयार करण्यात आले. एक चौकट, तीत मण्यांच्या दोन ओळी, एक लहान बाळासाठी आणि दुसरी मोठ्या बाळासाठी, आणि सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. घड्याळ उलटे करायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकवण्याची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. दहापर्यंत मोजता येणारी कोणतीही सुईण हे करू शकत होती. याला विजेची, पडद्याची किंवा परदेशी सुट्या भागांची गरज नव्हती.

मित्रहो, मी याला उत्तम तंत्रज्ञान म्हणतो. येथे प्रश्न खरा होता, वापरणारी व्यक्ती नेमकी ठाऊक होती आणि तिला काय येते व काय येत नाही याचा आधी विचार झाला होता. पुढे याच जिल्ह्यातील गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणून सोय नाही ही सबब आपल्या जिल्ह्यात तरी चालत नाही.

एक काम, पण शेवटपर्यंत

आता प्रत्यक्ष काय करायचे? माझे सांगणे थोडक्यात असे की, वर्षातून दहा गोष्टी अर्धवट शिकण्यापेक्षा आपल्या गावातील एका माणसाची एक अडचण निवडा आणि तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा करा.

उदाहरणादाखल गावाची पाण्याची टाकी घ्या. ती कधी रिकामी राहते, कधी भरून वाहते, आणि ते पाहण्यासाठी कोणाला तरी शिडी चढावी लागते. पाण्याची पातळी खालूनच कळावी, एवढेच आपले काम. यासाठी आर्डुइनो नावाची छोटी संगणक-पट्टी मिळते. ती २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठीच तयार झाली आणि तिच्या धर्तीवरील पट्ट्या आज काही शे रुपयांत मिळतात. तिला आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा संवेदक जोडायचा. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज पाण्याकडे सोडतो, आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून आपण अंतर काढतो. वटवाघूळ अंधारात याच रीतीने वाट काढते.

हे जोडले, अंतर दिसले, की मुलांना वाटते काम झाले. खरा अभ्यास येथून पुढे सुरू होतो. पुस्तकात ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर दिलेला असतो. तो सुमारे वीस अंश तापमानाचा आहे. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उष्णतेत हाच वेग सेकंदाला सुमारे ३५८ मीटर होतो. म्हणजे पुस्तकातला आकडा तसाच वापरला, तर दोन मीटरच्या अंतरात आठ-नऊ सेंटिमीटरची चूक येते. जानेवारीत बरोबर चालणारे यंत्र मे महिन्यात खोटे बोलू लागते. ही चूक का येते हे ज्या मुलाने स्वतः शोधले आणि तापमान मोजून ती दुरुस्त केली, तो भौतिकशास्त्राचा तो धडा जन्मात विसरणार नाही. आपल्या उन्हाळ्यालाही असे शिक्षक करता येते.

अशी कामे आपल्याभोवती कितीतरी आहेत. चंद्रपूर शहराचे नाव २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत अगदी वरच्या क्रमांकांत होते. हवेतील धूळ मोजणारे स्वस्त संवेदक आज मिळतात. शाळेच्या गच्चीवर वर्षभर नोंद ठेवा आणि मंडळाच्या अधिकृत आकड्यांशी ती ताडून पाहा. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आम्ही पत्रकारांनी वर्षानुवर्षे लिहिल्या. साध्या पर्जन्यमापकाने रोजच्या पावसाची नोंद ठेवून, किती पावसानंतर किती तासांनी नाल्याचे पाणी चढते, हे एखाद्या शाळेने शोधले तर ते आमच्या बातमीपेक्षा उपयोगाचे ठरेल. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ येथे वाघ गावाजवळ आल्यास इशारा देणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवण्यात आली. ती कशी चालते, वाऱ्याने हललेले झुडूप आणि वाघ यांतील फरक यंत्राला कसा कळतो, हे समजून घ्या.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. शिकताना पाच किंवा नऊ व्होल्टच्या पलीकडे जायचे नाही. घरातली २३० व्होल्टची वीज जीव घेते. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेने आपल्या भागात माणसेही मेली आहेत आणि वाघही. असल्या कामात आपली हुशारी कोणीही, कितीही आग्रह केला तरी, खर्च करायची नाही.

वही ठेवा, कामगारांशी मैत्री करा

काम करताना एक वही ठेवा. आज काय केले, काय बिघडले, का बिघडले असे वाटते, उद्या काय करून पाहणार, अशा चार ओळी रोज तारखेसह लिहा आणि सोबत आकृती काढा. प्रमाणपत्रांची थप्पी पुष्कळांकडे असते. बिघाडांची अशी नोंदवही फार थोड्यांकडे असते. उद्या मुलाखतीला बसाल तेव्हा तुमच्या बाजूने हीच वही बोलेल. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमाने २००१ पासून महाराष्ट्रात संगणक साक्षरता घरोघरी नेली, हे मोलाचे काम झाले. परंतु साक्षरता ही सुरुवात आहे. अक्षरे आली म्हणजे ग्रंथ लिहिता आला असे होत नाही.

दुसरे म्हणजे गुरू शोधा. मोटारचे वाइंडिंग करणारे मिस्त्री, भ्रमणध्वनी दुरुस्त करणारा तरुण, ट्रॅक्टरचा मेकॅनिक, वीज केंद्रातून निवृत्त झालेले शेजारचे काका हे सारे आपल्या भागातील चालते-बोलते ग्रंथ आहेत. जळलेली मोटार नुसत्या वासावरून ओळखणाऱ्या मिस्त्रींजवळ जे ज्ञान आहे, ते कोणत्याही चित्रफितीत नाही. सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसा, पाहा, विचारा आणि त्यांना मान द्या. मात्र पालकांनी ध्यानात ठेवावे की, हे शिकणे आहे, मजुरी नव्हे. २०१६च्या कायदादुरुस्तीनुसार चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोकादायक उद्योगांत कामाला ठेवण्यास बंदी आहे.

दहावीनंतर आयटीआयला जाणे म्हणजे कमी गुणांची शिक्षा, हा समजही आता सोडला पाहिजे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे आयटीआय केलेल्या मुलांना मोठ्या उद्योगांत विद्यावेतनासह प्रत्यक्ष काम शिकता येते. आपल्या वीज केंद्रात आणि कोळसा खाणींतही अशा जागा भरल्या जातात. त्या जाहिराती नियमित वाचा.

महाराष्ट्राने घालून दिलेला धडा

हाताने शिकण्याचा हा विचार मराठी मातीला नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएच.डी. झाले. हिंदुस्तान लीव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून ते पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावी गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्धवट सुटलेली मुले तेथे जोडकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असे सारे हाताने शिकू लागली. गावच्या लोकांची कामे करून द्यायची, त्याचा मोबदला घ्यायचा आणि त्यातून शिकायचे, ही तेथील रीत. पुढे अमेरिकेतील प्रख्यात एमआयटीने आपल्या आवाराबाहेर ‘फॅब लॅब’ नावाच्या कार्यशाळा सुरू केल्या, तेव्हा अगदी आरंभीच्या कार्यशाळांपैकी एक पाबळला उभी राहिली. जगातील नामांकित संस्थेने एका मराठी खेड्याची निवड केली, ती तेथील मुले काम करत होती म्हणून.

अरविंद गुप्ता यांचेही नाव घेतले पाहिजे. आयआयटी कानपूरचे हे अभियंते काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि टाकाऊ बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवतात. पुण्याच्या ‘आयुका’त त्यांनी अनेक वर्षे हे काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रफिती मराठीतही आहेत आणि विनामूल्य आहेत. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमातून संगणकाचे अनेक विषय मराठी निवेदनासह उपलब्ध केले आहेत. ज्या गावात रेंज येत-जात असते, तेथील मुलांनी तालुक्याला गेल्यावर हे धडे उतरवून घ्यावेत आणि घरी निवांत पाहावेत.

आफ्रिकेतील मलावी देशात विल्यम काम्क्वाम्बा नावाचा मुलगा होता. २००१-०२च्या दुष्काळात फी भरता न आल्याने त्याची शाळा सुटली. गावच्या छोट्या वाचनालयात त्याला ऊर्जेवरचे एक पुस्तक मिळाले. सायकलचे सुटे भाग, ट्रॅक्टरचा पंखा आणि झाडाचे वासे जोडून त्याने पवनचक्की उभारली आणि घरात दिवा लावला. पुढे तो अमेरिकेतील विद्यापीठाचा पदवीधर झाला. त्याच्या यशाचे मूळ एका वाचनालयात होते, हे आपल्या गावातील कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्या बोलीची पुंजी

गडचिरोलीच्या मुलांजवळ आणखी एक धन आहे, ज्याची त्यांना बहुधा कल्पना नसते. ते धन म्हणजे गोंडी आणि माडिया या भाषा. संगणकाच्या युनिकोड या जागतिक लिपीसंचात मसराम गोंडी लिपी २०१७ साली आणि गुंजाला गोंडी लिपी २०१८ साली समाविष्ट झाली. २०२५ साली केंद्र सरकारने जनजातींच्या भाषांचे भाषांतर करणारे ‘आदि वाणी’ हे साधन प्राथमिक स्वरूपात आणले, त्यात गोंडी आहे. अशा यंत्रांना शिकवण्यासाठी त्या भाषेतील अचूक वाक्ये आणि ध्वनिमुद्रणे लागतात, आणि नेमकी त्यांचीच टंचाई आहे. बंगळूरच्या अभियंत्याला माडिया येत नाही. ज्या मुलीला माडिया, मराठी आणि संगणक ही तिन्ही येतात, तिला कोणता पर्याय आहे? गावातील ज्येष्ठांच्या संमतीने झाडांची, रोगांची, शेतीची नावे ध्वनिमुद्रित करा, त्यांचे अर्थ लिहा. हे भाषेचेही काम आहे आणि तंत्रज्ञानाचेही.

पालक आणि कार्यकर्ते यांच्यासाठी

शेवटी मोठ्यांशी थोडे बोलतो. मूल यंत्र उघडून बसले की ‘आता हे बिघडवणार’ असे आपण म्हणतो. घरातला जुना, बंद पडलेला रेडिओ किंवा पंखा, त्याची वायर काढून, त्याच्या स्वाधीन करा. मुलीच्याही स्वाधीन करा. मुलाच्या हाती पक्कड आणि मुलीच्या हाती फक्त झाडू, ही वाटणी घरातून गेली तरच ती कारखान्यातून जाईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेची आज सर्वांना भीती वाटते. मुले तिच्याकडून तयार उत्तरे उतरवून घेतात, ही तक्रार खरी आहे. यावर साधा नियम करावा. यंत्राला प्रश्न विचारायला हरकत नाही, पण जे उत्तर मिळाले ते करून पाहिल्याशिवाय आणि आपल्या शब्दांत समजावून सांगता आल्याशिवाय वहीत लिहायचे नाही. टाकीतले पाणी खरोखर किती आहे, हे अखेर पट्टी घेऊन कोणाला तरी मोजावेच लागते.

आणि कार्यकर्त्यांनो, केंद्र सरकारच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेत २०१६ पासून निवडक शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आले आहे. आपल्या तालुक्यात अशी प्रयोगशाळा कोणत्या शाळेत आहे, ती आठवड्यातून किती तास उघडी असते आणि शेजारच्या शाळेच्या मुलांना तेथे प्रवेश मिळतो का, याची चौकशी करा. जेथे ती नाही, तेथे समाजमंदिरातील एक खोली, एक टेबल, चार पक्कडी, एक डाग देण्याची इस्त्री आणि रविवारचे तीन तास देणारा एक निवृत्त कामगार, एवढ्यावर आरंभ करता येईल. मोठ्या इमारतीची वाट पाहू नका.

लोहाऱ्याचे खनिज पाहून सुरू झालेला शोध एकदा आपल्या हातून निसटला. त्याला कारण कोळसा होता, त्यावर कोणाचा इलाज नव्हता. आता आलेली वेळ कौशल्याअभावी निसटली, तर तो दोष मात्र आपला असेल. येत्या रविवारी आपापल्या गावात, आपापल्या वॉर्डात फिरा, एक अडचण शोधा आणि वहीच्या पहिल्या पानावर ती तारखेसह लिहा.